न खुडलेले फूल

खानापूर तालुक्यातील जांबोटी-कणकुंबीच्या रानात फाल्गुन-चैत्रात वनखात्याच्या परवानगीने आणि जाणत्या वाटाड्याच्या सोबतीने रानफुले पाहावयास जाणाऱ्या मंडळींना प्रारंभीच जी ताकीद मिळते ती अशी, की एकही फूल तोडावयाचे नाही; आणि ज्या समाजात फूल दिसताच ते देवासाठी खुडावे म्हणून हात आपोआप पुढे होतो, त्या समाजातील श्रद्धावंताच्या मनात या साध्या ताकिदीने एक जुना धर्मप्रश्न उभा राहतो : देवाला फूल वाहावयाचे, तर ते झाडापासून तोडलेच पाहिजे काय?

आपल्याकडील वसंत हा मान वर करून पाहण्याचा ऋतू आहे. युरोपातील पानझडी वनांत पालवी फुटून सावली दाट होण्यापूर्वी जे थोडे आठवडे ऊन भुईपर्यंत पोचते, तेवढ्यात जमिनीवरची फुले आपला बहर उरकून घेतात. सह्याद्रीत भुईचा बहर पावसाळ्याचा, आणि वसंतात पळस, पांगारा, काटेसावर हे वृक्षच पाने टाकून असे फुलतात की मधासाठी हिंडणाऱ्या पाखरांना ते दुरून दिसावेत. काटेसावरीखाली गळून पडलेली मांसल फुले भेकर येऊन खाते. अंजनी मात्र अगदी जवळ जाऊन पाहावी. झाड बेताचेच, सदाहरित, चिवट लाकडाचे. पण त्याच्या जून फांद्यांच्या पेरापेरांतून जांभळट निळ्या चिमुकल्या फुलांचे गुच्छ इतके दाटून येतात की साल दिसेनाशी होते, आणि कान दिला तर मधमाश्यांचा गुंजारव जणू झाडाच्या अंतरंगातूनच ऐकू येतो. वर कोठे आमरी (ऑर्किड) असते. तिची पाने झडलेली, आणि सुकल्या काड्यांवर पांढरी फुले उमललेली.

अशाच एका फेरीत निपाणीच्या एक वयस्क जैन आक्का होत्या, स्तवनिधीच्या जैन तीर्थाला नेमाने जाणाऱ्या. फुललेली डहाळी हाताशी आली तेव्हा त्यांनी वाटाड्याला विचारले, "दादा, देवाला म्हणून दोन घेऊ काय?" तो गवळी-धनगर गृहस्थ अदबीने म्हणाला, "नको आक्का. म्होरं देवीची राई हाय, तितलं वाळकं पान बी आम्ही उचलत न्हाई. हात जोडा की हितनंच." आक्कांनी डहाळी सोडली आणि हात जोडले.

त्यांच्या प्रश्नामागे त्यांच्याच धर्मातील एक दीर्घ विवाद आहे. दिगंबरांतील तेरापंथी सचित्त, म्हणजे सजीव, फूल पूजेत वर्ज्य मानून त्याऐवजी केशराने रंगविलेले तांदूळ वाहतात. दक्षिणेकडील बीसपंथी परंपरेने फुलांची पूजा राखली आहे. आम्हां हिंदूंतही हा प्रश्न सुटलेला नाही. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंत पान, फूल, फळ, पाणी यांचा स्वीकार करतो, परंतु तेथे सारा भर अर्पण करणाऱ्याच्या भक्तीवर आहे, वस्तूवर नाही; पुराणांनी तर आठ भावपुष्पे सांगितली, आणि त्यांतले पहिले फूल अहिंसा हे होय. भुईवर पडलेले फूल देवाला चालत नाही असा दंडक घालणाऱ्यांनीच प्राजक्ताला सूट दिली, आणि मानसपूजेत तर फूल हाती धरण्याचीही गरज ठेवली नाही.

माझे स्वतःचे मत असे की, हा प्रश्न हिंसेइतकाच मालकीचाही आहे. अर्पण म्हणजे आपल्या स्वामित्वाचा त्याग. अरणच्या सावता माळ्याने आपल्या मळ्यातच विठ्ठल पाहिला. तो मळा त्याने घाम गाळून शिंपलेला होता. अंगणातील जास्वंद पाणी घालून वाढविणाऱ्या गृहिणीला ती देवाला वाहण्याचा पूर्ण हक्क आहे, आणि तिच्या परडीला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण रानातले फूल आपण लावले नाही, जोपासले नाही. ते तोडून देवापुढे ठेवणे म्हणजे परक्याच्या वतनातून इनाम देण्यासारखे आहे. याच खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झाले, तेथे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने परवान्यावाचून काही नेण्यास मनाई आहे. परंतु कायद्याचा अंमल पहारेकऱ्याच्या नजरेपुरता, आणि देवराईचा अंमल मनुष्य एकटा असतानाही चालतो, कारण तेथे मालक म्हणून देवीच नांदत असते. तिचेच फूल तिला वाहण्याचा विचार त्या वाटाड्याच्या पूर्वजांच्या मनाला शिवला नाही, हे मला फार मोठे धर्मज्ञान वाटते.

बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती १२०४ साली रट्टांचा मंत्री बीचिराज याने बांधली. तिच्या मंडपाच्या छतात कोरलेले दगडी कमळ आठशे वर्षे जिनचरणी अर्पिलेले आहे, आणि त्यासाठी एकही तळे रिते करावे लागलेले नाही. फुलाची पूजा फूल न तोडता करता येते हे या भूमीला तेव्हापासून ठाऊक आहे.

बेळगाव-निपाणीकडील वाचकांस माझी विनंती आहे की, येत्या चैत्रात रीतसर परवाना घेऊन, जाणता वाटाड्या बरोबर घेऊन, मुलाबाळांसह या रानात जावे, आणि परडी घरी ठेवावी. तसेच आपल्या गावच्या राईतील झाडे नव्या सभामंडपासाठी तोडावयाची असा ठराव पुढे येईल, तेव्हा ग्रामसभेत उभे राहून त्यास विरोध नोंदवावा.