बुरूज बांधण्यापूर्वीचा हिशेब

लूककृत शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायांत आपल्या प्रभूनें बुरूज बांधूं पाहणाऱ्या मनुष्याचा दाखला दिला आहे. पाया घालून काम अर्धवट सोडणाऱ्याचें हंसें होतें. म्हणून शहाणा मनुष्य आधीं बसून खर्चाचा अदमास घेतो. हा दाखला शिष्यपणाच्या मोलाविषयीं आहे खरा. तथापि गांव सोडून कॉलेजांत जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनीं त्यांतील व्यवहारहि शिकावा, असें आम्हांस वाटतें.

विद्येसाठीं बँकेचें कर्ज काढणें हें पाप नव्हे. परंतु हप्ते पुढें ढकलले गेले, तरी व्याज झोंप घेत नाहीं. ४ लाख रुपये शेंकडा १० दरानें पहिल्याच दिवशीं उचलले, तर शिक्षणाचीं तीन वर्षें व सवलतीचें एक वर्ष मिळून सरळ व्याजच १ लाख ६० हजार होतें. म्हणून सही करण्यापूर्वीं मुलानें व आईबापांनीं एकत्र बसून हिशेब मांडावा.

चैनीसाठीं मोबाइलवर क्षणांत मिळणारें कर्ज याहून घातक. दरमहा शेंकडा ३ हा आंकडा लहान दिसतो. पण चक्रवाढीनें १० हजारांचे वर्षाअखेर सुमारें १४ हजार २५० होतात. वार्षिक दर व सर्व आकार लेखी दाखवावे, असा रिझर्व्ह बँकेनें २०२२ सालीं अशा कर्जांस नियम घातला. जो तें दाखवीत नाहीं, त्याच्या दारीं जाऊं नये. तसेंच, पैसे घेण्यास पिन लागत नाहीं. पैसे देतों म्हणून पिन मागणारा ठकच समजावा. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावें.

परंतु खरा नाश आंकड्यांपेक्षां लाजेनें होतो. मुलगा कर्ज लपवितो, एक फेडण्यास दुसरें काढतो, आणि शेवटीं सुटीतहि घरीं येत नाहीं. आईबापांनो, उधळ्या पुत्राच्या बापानें आधीं हिशेब मागितला नाहीं. तो धांवत गेला व त्यानें मुलास गळ्याशीं धरिलें. तुमचें दारहि असेंच उघडें असूं द्या. हिशेब मागाहून दोघांनीं मिळून करावा.

उपदेशक बंधूंनीं दर सुटींत तरुणांस जवळ बसवून वहींत जमा व खर्च लिहावयास शिकवावें: प्रथम दान, मग भाडें व खाणावळ, मग थोडी शिल्लक, आणि उरेल त्यांतूनच हौस. धन देवाचें आहे, आपण केवळ कारभारी. तो प्रभु आपल्या लेंकरांस थोडक्यांतहि विश्वासू ठेवो. आमेन.