म्हातारचळ की लीला?

उतारवयात माणसाने खेळावे का, नव्याने काही आवडून घ्यावे का, हा प्रश्न वरवर शिष्टाचाराचा वाटतो. मुळात तो नीतिशास्त्रातला जुना प्रश्न आहे: ज्या कृतीतून काहीच साधत नाही तिला आयुष्यात किती जागा द्यायची? तरुणपणी तो टाळता येतो. मुलांचा खेळ शरीर घडते म्हणून खपून जातो, गाण्याचा नाद कान तयार होतो म्हणून. पन्नाशीनंतर अशी सबब हाताशी राहत नाही. त्या वयाचा माणूस स्केटबोर्डवर उभा राहिला, किंवा आपल्या मुलांच्या वयाच्या कलाकारांचे संगीत हेडफोन लावून ऐकू लागला, की याला म्हातारचळ लागला असे म्हणून लोक मोकळे होतात.

असे म्हणणाऱ्यांच्या पाठीशी परंपरा उभी आहे. अंगावर सुरकुत्या, डोक्यावर पांढरे केस आणि नातवाचे तोंड दिसले की गृहस्थाने वनाची वाट धरावी, असे मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. वयाबरोबर एकेक गोष्ट सोडत जायची, नवी धरायची नाही, असा त्या व्यवस्थेचा रोख. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या दहाव्या भागात करमणुकीला विश्रांतीचे स्थान दिले: पुन्हा कामाला लागता यावे म्हणून खेळायचे, खेळता यावे म्हणून काम करायचे नाही. या हिशेबाने निवृत्त माणसाचा खेळ तर अधिकच निरर्थक ठरतो, कारण ज्या कामासाठी ताजेतवाने व्हायचे ते कामच संपलेले असते.

स्केटबोर्ड हा जन्मापासून पोरांचा खेळ मानला गेला, म्हणून या प्रश्नासाठी त्याचे उदाहरण सोयीचे आहे. १९५०च्या दशकात कॅलिफोर्नियात लाटा नसल्या की सर्फिंग करणारी मुले फळीला चाके लावून रस्त्यावर उतरत. १९७०च्या दशकात युरेथेनची चाके आली, पकड सुधारली, आणि त्याच दशकातल्या दुष्काळात कोरडे पडलेले पोहण्याचे तलाव मुलांना आयतेच सापडले. ती मुले आज साठीच्या आसपास आहेत आणि त्यांतल्या काहींनी फळी सोडलेली नाही. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पार्क प्रकारात चीनकडून ११ वर्षांची झेंग हाओहाओ उतरली आणि ब्रिटनकडून ५१ वर्षांचा अँडी मॅकडॉनल्ड. दुसऱ्या कुठल्या खेळात आजोबा आणि नात शोभतील असे दोघे एकाच सिमेंटच्या खोलगटात उतरत असतील तर ते विरळाच. मॅकडॉनल्डला पदक मिळाले नाही, आणि ते मिळेल अशी कोणाची अपेक्षाही नव्हती.

वय वाढलेल्या स्वारांचे सामान पाहिले तरी खेळ कसा बदलतो ते कळते. रस्त्यावर उड्या मारणारी पोरे साधारण ५२ मिलिमीटरची कडक चाके वापरतात; त्यांच्या कडकपणाचा आकडा ९९ए च्या घरात असतो. अशा चाकाखाली हरभऱ्याएवढा खडा आला की फळी जागच्या जागी अडते आणि स्वार पुढे फेकला जातो. पन्नाशीचा माणूस ६० मिलिमीटरची, ७८ए ची मऊ चाके घेतो. ती खड्यावरून सरकून जातात, खडबडीत डांबराचा खडखडाट दबतो आणि तळपायाला येणाऱ्या मुंग्या थांबतात. अशा चाकांवर पायऱ्यांवरून उडी मारण्याची भाषा मागे पडते. एका पायाने ढकलायचे, दोन्ही पाय फळीवर घ्यायचे, घोट्यातून भार किंचित टाचेकडे न्यायचा, की फळी वळते. शिकवण्यासारखे यात फार थोडे आहे, पण ढकलणे आणि वळणे यांच्यामध्ये जो काळ मिळतो त्याच्यासाठीच माणूस पुन्हा पुन्हा फळीवर चढतो.

हा काळ कशाच्या उपयोगाचा? याचे उत्तर ॲरिस्टॉटलकडेच सापडते, फक्त दुसऱ्या ग्रंथात. ‘मेटाफिजिक्स’च्या नवव्या भागात त्याने कृतींची विभागणी केली आहे. घर बांधणे ही एका जातीची कृती: बांधकाम चालू आहे तोवर घर झालेले नसते आणि घर झाले की बांधणे संपते. पाहणे ही दुसऱ्या जातीची: माणूस पाहतो त्याच क्षणी त्याचे पाहणे पूर्ण झालेले असते, तरीही ते चालू राहू शकते. फळीवरून घरंगळत जाणे आणि गाणे ऐकणे या दोन्ही गोष्टी या दुसऱ्या जातीत बसतात. गाणे संपावे म्हणून कोणी ऐकत नाही. खेळाला विश्रांतीत ढकलताना ॲरिस्टॉटलने स्वतःचीच ही विभागणी पुरती वापरली नाही, असे म्हणायला जागा आहे.

तत्त्वचिंतकांच्या व्हिएन्ना वर्तुळाचा प्रणेता मोरित्झ श्लिक याने ती उणीव भरून काढली. जीवनाच्या अर्थावरच्या १९२७ सालच्या निबंधात त्याने असे मांडले की हेतूंच्या ओझ्याखाली जगणारा माणूस अर्थ सतत पुढे ढकलत राहतो. स्वतःसाठीच केलेल्या कृतीत, म्हणजे खेळात, तो जागच्या जागी मिळतो. तारुण्याचे माप वर्षांत नसून असे खेळता येण्यात आहे, हाही त्याचाच मुद्दा. तर्कशास्त्राचा इतका काटेकोर अभ्यासक हे लिहितो तेव्हा ते भावुकपणा म्हणून बाजूला सारता येत नाही. तरीही श्लिकने एक बाजू पुरेशी पाहिलेली दिसत नाही. तरुण स्वारापुढे स्पर्धा, प्रायोजक, चित्रफीत असे काही ना काही असते, त्यामुळे त्याला खेळ आवडतो की खेळातून मिळणारे नाव, हे त्याचे त्यालाही ठरवता येत नाही. वय त्या गोष्टी एकेक करून काढून घेते. मागे जे उरते ते पूर्वीच्या आनंदाचा उष्टा तुकडा नव्हे; तो मूळचाच आनंद असतो, आता वेगळा काढून पाहता येतो इतकेच.

भारतीय विचारात याच्या जवळ जाणारी कल्पना लीलेची. ज्याला काहीच मिळवायचे नाही त्या ब्रह्माने जग का निर्माण करावे, या आक्षेपाला ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातले सूत्र लीला असे उत्तर देते. शंकराचार्य भाष्यात दाखला देतात तो सर्व इच्छा पुरलेल्या राजाच्या क्रीडेचा, आणि हेतूवाचून चालणाऱ्या श्वासोच्छ्वासाचा. मात्र हा दाखला माणसाला सरसकट लावता येत नाही. लीला पूर्णाची असते. माणूस अपूर्ण, गुडघे दुखणारा, पेन्शनची काळजी करणारा. ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभवा’त वाट अधिक मोकळी होते. सातव्या प्रकरणात अज्ञानाचे खंडन करून ते जगाकडे चैतन्याचाच विलास म्हणून पाहतात. जग झटकून टाकायचा भ्रम नसेल, तर त्यातली एखादी नवी गोष्ट डोळे भरून पाहण्यात अध्यात्माचा तोटा नाही. हे स्केटबोर्डला लावणे ज्ञानेश्वरांवर थोडा अन्याय करणारे असेल, पण तत्त्व अडवत नाही.

संगीताच्या बाबतीत अडचण निराळी आहे. तिथे हाडे मोडत नाहीत, आवड गोठते. मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात श्रोत्यांची पसंती त्यांच्या वयाच्या साधारण २३-२४व्या वर्षी गाजत असलेल्या गाण्यांकडे सर्वाधिक झुकलेली आढळली. सरासरी म्हणून हे मान्य करावे. तो निसर्गनियम नव्हे. जॉन पील १९६७पासून २००४ साली मृत्यू येईपर्यंत बीबीसी रेडिओ १ वर अनोळखी गटांचे संगीत वाजवत राहिला. ‘द अंडरटोन्स’चे ‘टीनेज किक्स’ त्याने १९७८मध्ये लागोपाठ दोनदा वाजवले आणि पुढे आयुष्यभर तेच आपले सर्वांत लाडके गाणे मानले. तेव्हा तो ३९ वर्षांचा होता.

लिओनार्ड मेयर याने १९५६च्या ग्रंथात दाखवले की संगीतातला आनंद अपेक्षेवर उभा असतो: पुढे काय येईल याचा अंदाज, तो लांबणे, चुकणे, भेटणे. वय झालेल्या कानाकडे अपेक्षांचा साठा मोठा असतो, म्हणून अनोळखी संगीत त्याला चुकीचे वाटते. बाली बेटावरच्या गामेलान या वाद्यवृंदात वाद्यांच्या जोड्या मुद्दाम किंचित वेगवेगळ्या स्वरांत लावलेल्या असतात. तंबोरा जुळवून घेणाऱ्या कानाला ते पहिल्यांदा सरळ बेसूर वाटते. चार-सहा वेळा ऐकल्यावर दोन स्वरांच्या घर्षणातून उठणारी थरथर ऐकू यायला लागते, आणि मग कळते की वाजते आहे ती थरथरच. समेचेही तसेच. तीनतालात वाढलेला श्रोता आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला दाद देतो. गामेलानमध्ये मोठी घंटा आवर्तनाच्या शेवटाला वजन देते. अशा वेळी जुने विसरायचे नसते, शेजारी आणखी एक अपेक्षा वाढवायची असते. पंचविशीत हे आपोआप होते आणि पन्नाशीत ठरवून करावे लागते. त्यामुळेच ते झाल्याचे उतारवयात लक्षातही येते.

यावर सर्वांत जोरकस आक्षेप तृष्णेचा. नव्याची हाव म्हातारपणीही सुटत नसेल तर तिला आनंद का म्हणायचे? कीर्केगार्दने १८४३च्या ‘आयदर/ऑर’मध्ये एक रसिक रंगवला आहे. कंटाळ्याला घाबरून सतत शेत बदलणाऱ्यांना तो हसतो आणि शेत तेच ठेवून पीक बदलण्याची युक्ती सांगतो, पण कशाशीही बांधून घ्यायला तोही तयार नाही. हातातल्या फोनवर अर्ध्या मिनिटात गाणे पुढे सरकवणारा श्रोता त्याच्याच गोत्रातला. आक्षेप त्याला लागू पडतो. गामेलान सहाव्यांदा लावणाऱ्याला मात्र तो लागत नाही, कारण हाव एका जागी थांबत नाही आणि ऐकायला थांबावेच लागते.

खेळात अशी सहाव्यांदा संधी शरीर देईलच असे नाही. स्केटबोर्डपटू टोनी हॉकने १९९९ साली, ३१व्या वर्षी, स्पर्धेत पहिल्यांदा हवेत अडीच गिरक्या पूर्ण केल्या आणि २०१६मध्ये, ४८व्या वर्षी, पुन्हा एकदा. मार्च २०२१मध्ये त्याने ‘ऑली ५४०’ ही हाताने फळी न धरता मारायची दीड गिरकी शेवटची म्हणून मारली आणि तसे जाहीर केले. पुढच्या वर्षी त्याच्या मांडीचे हाड मोडले. बरा झाल्यावर तो पुन्हा फळीवर आला, सोप्या गिरक्या घेऊन.