हास्य, भय आणि हडळ

स्त्रीचें रूप पालटून ती भयंकर झाली, तर तिला पाहून भ्यावें कीं हसावें? हा प्रश्न वरवर पाहतां करमणुकीचा दिसतो. परंतु थोडा विचार केल्यास तो नीतीचा आहे असें आढळून येतें.

आपल्या लोकसमजुतीप्रमाणें बाळंतपणांत मेलेल्या स्त्रीची हडळ होते. जिवंतपणीं जिच्या वेदनेची दखल कोणीं घेतली नाहीं, तिचें मरणोत्तर भय मात्र साऱ्या गांवानें बाळगावें, हा न्याय विचित्र खराच! शिवाय हें भय मेलेल्यांपुरतें राहत नाहीं. जिवंत स्त्रीवरही चेटकिणीचा आळ येतो. असा आळ घेऊन छळणें महाराष्ट्रांत २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानें गुन्हा ठरलें आहे.

या दृष्टीनें करण कंधारी यांचा ‘सिस्टर मिडनाइट’ हा २०२४ सालीं कान येथें दाखविला गेलेला हिंदी बोलपट पाहण्याजोगा आहे. राधिका आपटे यांनीं रंगविलेली उमा लग्न होऊन मुंबईंतील एका खोलीच्या झोपडींत येते. नवरा संकोची व अबोल; स्वयंपाक तिला येत नाहीं. ती सफाईचें काम पत्करते. पुढें तिला पशुपक्ष्यांच्या रक्ताची वासना जडते, आणि तिनें मारलेलीं जनावरें पुन्हां उठून तिच्या मागें येतात. प्रेक्षक हसतो.

हसण्यांत दोष नाहीं. दोष असलाच तर तो हसण्याच्या रोखांत असतो. उमेच्या पालटलेल्या रूपास हसलों, तर आपण आळ घेणाऱ्यांच्याच पंक्तीस बसलों. परंतु येथें हसें होतें तें दोन अनोळखी जीवांस एका खोलींत कोंडून त्यास संसार म्हणणाऱ्या रीतीचें. ती खोली कांहीं मुंबईपुरतीच नाहीं. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथील चाळींतूनही नववधू तशाच खोलींत पाऊल टाकते.

कोणी म्हणेल, विनोदानें दुःखाचें गांभीर्य जातें. जातें तें बहुधा भयाचें. आणि जिचें भय वाटेनासें होतें, तिचें म्हणणें ऐकून घेणें शक्य होतें. मात्र या हास्याची खरी कसोटी चित्रपटगृहाबाहेर लागते. घरांतील स्त्रीचा त्रागा पाहून “हिच्या अंगांत आलें आहे” हे शब्द ओठांवर येण्यापूर्वीं जो क्षणभर थांबेल, त्याचेंच हसणें निर्दोष होय.