उंच धुराडें आणि शेजारधर्म

आपल्या अंगणांतील केर कुंपणापलीकडे टाकला म्हणजे अंगण स्वच्छ होतें. पण केर नाहींसा होतो काय? हाच प्रश्न कॅनडा देशांतील सडबरी शहरापुढें उभा राहिला.

तेथील निकेल व तांबें यांच्या धातुपाषाणांत गंधक असतो. तो भट्टींत जळला म्हणजे त्याचा वायु होतो; त्या वायूचें ढगांतील पाण्याशीं मिळून गंधकाम्ल बनतें, व तें पावसाबरोबर खालीं येतें. त्या धुरानें व पावसानें सडबरीभोंवतालच्या टेंकड्या उघड्या पडल्या, आणि पुष्कळ तळ्यांतील मासे नाहींसे झाले. तेव्हां १९७२ सालीं तेथें ३८१ मीटर उंचीचें धुराडें उभारण्यांत आलें. शहराची हवा निवळली, हें चांगलेंच झालें. परंतु तो वायु वाऱ्यानें दूरवर नेला, आणि ज्यांनीं ती भट्टी कधीं पाहिलीही नव्हती, त्यांच्या अरण्यांवर तो बरसूं लागला.

‘आमचा हेतु वाईट नव्हता,’ असें म्हणणें सोपें आहे. पण वाचकहो, जो दृष्टीआड आहे तो आपला शेजारी नव्हे, असें कोणी ठरविलें? अपाय दूर लोटणें म्हणजे अपाय टाळणें नव्हे.

पुढें सरकारनें निर्बंध घालून तो वायु मुळांतच कमी करावयास लाविलें. तेव्हां कोठें कित्येक तळ्यांत मासे परत आले, आणि २०२० सालीं त्या धुराड्याचा वापरही थांबला. यास्तव केर कुंपणापलीकडे टाकण्यापूर्वीं तो मुळांतच कमी करतां येईल काय, हें प्रत्येकानें आपल्या अंगणांत उभें राहून स्वतःस विचारावें.