प्रतिनियुक्तीवरचा माणूस

दि. ३० सप्टेंबर २०२१ च्या संध्याकाळी अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून जो कामगार घरी परतला, तो एका सरकारी खात्याचा माणूस होता. दुसऱ्या दिवशी तेच फाटक, तेच यंत्र, हातही तेच. धनी मात्र बदलला होता. देशातील ४१ आयुध निर्माण्या त्या दिवशी सात सरकारी कंपन्यांत विभागल्या गेल्या. अंबरनाथच्याच दोन कारखान्यांची वाट वेगळी झाली : ऑर्डनन्स फॅक्टरी यंत्र इंडियाकडे, तर मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे.

कामगारांसाठी शब्द योजला गेला 'मानीव प्रतिनियुक्ती'. म्हणजे माणूस सरकारचा, काम कंपनीचे. प्रथम दोन वर्षांची असलेली ही मुदत पुढे वाढत गेली. हा शब्द प्रथम वाचला तेव्हा मी थबकलो. यंत्रे, जमीन, इमारती यांची मालकी कागदावर फिरवता येते. पण माणसाची निष्ठा त्या यादीत कोणत्या रकान्यात लिहायची?

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात कामगाराची बाजू मांडली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली श्रमाला भांडवलाच्या आधीचे स्थान दिले, कारण श्रम करणारा हा माणूस आहे. हे मान्य केले, तर धनी बदलताना निदान त्याला विचारायला हवे. प्रत्यक्षात २०२१ च्या ऑगस्टमध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने संरक्षण उत्पादनातील संपावर बंदी घालण्याचा अधिकार सरकारला मिळाला; आवश्यक ठरवलेला ओव्हरटाइम नाकारणे हेही त्या व्याख्येत संप ठरले. कायद्याची मुदत वर्षभराचीच होती, हे खरे. तथापि, बदल होत होता तो नेमका त्याच वर्षात.

सीमेवरच्या जवानाला दारूगोळा वेळेवर मिळाला पाहिजे, हा युक्तिवाद मला खोटा वाटत नाही. आणि प्रामाणिकपणे सांगायचे, तर आपणही निर्दोष नव्हतो. 'सरकारी आहे, चालते' असे म्हणत किती हातांनी काम पुढे ढकलले असेल! ज्याने खात्याशी निष्ठा ठेवली नाही, त्याने कंपनीकडून आपल्या निष्ठेची किंमत कोणत्या तोंडाने मागावी? मात्र ज्याने ठेवली, त्याचे काय, हा प्रश्न उरतोच.

आमच्या धर्मग्रामातील एका निवृत्त फिटरला मी हे सारे ऐकवले. ते पुष्कळ वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमच्या लोकांच्या प्रतिनियुक्तीला निदान मुदत तरी लिहिली होती. माझा मुलगा बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर आहे. दर वर्षी ठेकेदार बदलतो. तो कोणाचा माणूस आहे, हे अजून कोणी लिहूनच दिलेले नाही."