मालकंसाच्या तारा

जुन्या नांदेडात, गोदावरीच्या अंगाला, एक काका राहत होते. तरुणपणी ते ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचे. ही गिटार मांडीवर आडवी घ्यायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या आणि डाव्या हातातला लोखंडी बार त्यांच्यावरून सरकवायचा. लातूरला कॉलेजात शिकणाऱ्या त्यांच्या पुतण्यालाही हाच नाद लागला. पैसे साठवून त्याने सहा तारांची लॅप स्टील, म्हणजे तशीच मांडीवरची गिटार, घेतली आणि सुट्टी लागताच ती घेऊन नांदेड गाठलं.

"काका, सगळ्यात चांगलं ट्युनिंग कोणतं? एकच सांगा. तेच कायमचं लावून ठेवतो."

"वाजवायचंय काय?"

"सगळंच."

"सगळं एकदम कोण वाजवायलंय? एका वेळी एकच गाणं असतंय," काका म्हणाले आणि त्यांनी वाद्य मांडीवर घेतलं. "साध्या गिटारीवर चार बोटं चार जागी ठेवता येतात. हा बार सरळ. तो एकाच रेषेत बसणार. म्हणून मोकळ्या तारांत जे नातं बांधशील, तेच बार जाईल तिथं सोबत येणार. जी-बी-डी-जी-बी-डी असं लावलं की झाले सा-ग-प, दोनदा. बार कुठंबी ठेव, भरदार मेजर कॉर्ड. अमेरिकेतलं ब्लूग्रास वाजवणारे असंच लावतात. सी-ई-जी-ए-सी-ई लावलं की झालं सी-सिक्स्थ. त्यात सी मेजरबी हाय, ए मायनरबी हाय. हवाईयन गाण्यांना अन् आपल्या जुन्या सिनेगीतांना ते बरं पडतं."

"एकातच दोन कॉर्ड! मग हेच सगळ्यात चांगलं."

काका पुढं काही बोलले नाहीत. पुतण्याने गिटारीच्या पेटीवर पांढऱ्या रंगाने मोठ्या अक्षरांत लिहून टाकलं: सी-सिक्स्थ. त्यावर जुनी गाणी बसवली, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये वाजवली, टाळ्याही घेतल्या. बाकीच्या ट्युनिंगांची त्याला गरजच वाटेना.

महाशिवरात्रीला लातुरात सिद्धेश्वराची यात्रा भरते. त्या रात्री गल्लीतल्या भजनी मंडळाने जागर ठेवला. बुवा मालकंसातला अभंग गाणार होते आणि साथीला पुतण्याला बसवलं होतं. ऐकायला काकाही एसटीने लोहा, अहमदपूर, चाकूर करत दुपारीच येऊन पोचले.

तालीम सुरू झाली. बुवांचा स्वर पांढरी एक, म्हणजे सी हाच सा. पुतण्याला वाटलं, आपलं तर आयतंच जमलं. बुवांनी आलाप घेतला, त्याने मागून बार सरकवला आणि जाता जाता एक मोकळी तार वाजली. बुवा थांबले. "पोरा, ह्यो शुद्ध गंधार कुठून आला?" पुन्हा सुरुवात झाली, तर या वेळी पंचम वाजला. मालकंसात सा, कोमल ग, म, कोमल ध आणि कोमल नि एवढेच पाच स्वर. पुतण्याच्या मोकळ्या तारा सा-ग-प-ध-सा-ग. म्हणजे सहापैकी चार तारा रागाबाहेरच्या. त्या चार त्याने तळव्याने दाबून धरल्या, तर वाद्याचा आवाजच पातळ झाला.

घामाघूम होऊन त्याने बार खाली ठेवला. "काका, हे वाद्यच परदेशी. ह्याच्यावर राग येतच नाही."

"जोधपूरच्या ब्रिजभूषण काबरांना आला की! १९६७ सालच्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या रेकॉर्डवर शिवकुमार शर्मांचं संतूर अन् हरिप्रसाद चौरसियांची बासरी, त्यांच्या जोडीला काबरांची गिटारच हाय. विश्वमोहन भट्टांनी तर गिटारीचीच मोहनवीणा केली अन् १९९४ ला ग्रॅमी आणलं. वाद्याला कामून बोल लावायलास? बुवांचा तंबोरा बघ. पहिली तार एरवी कशात असते?"

"पंचमात."

"अन् आज?"

पुतण्याने कान दिला. "मध्यमात."

"मालकंसात पंचम नाही, म्हणून तंबोऱ्यानं आपली तार उतरवली. एवढा जुना, मानाचा तंबोरा गाण्यासाठी बदलतो, अन् तू पेटीवर लिहिलंस म्हणून अडून बसायलास?"

पुतण्या निमूट खुंट्यांकडे वळला. ग वर लावलेल्या दोन्ही तारा त्याने अर्धा स्वर चढवून मध्यमावर आणल्या. पंचमाची तार एक पूर्ण स्वर उतरवली, तीही मध्यमावर आली. धैवताची अर्धा स्वर उतरवून कोमल केली. "चढवताना हळू," काका म्हणाले. "अर्ध्या स्वराला तार दम धरते. त्याच्या फार वर ओढायचं असलं तर आधी बारीक तार घालावी, नाहीतर तुटते." आता तारा लागल्या सा-म-म-ध-सा-म, त्यातला ध कोमल. बार कुठंही न ठेवता हात फिरवला तरी मालकंसाबाहेरचा एकही स्वर निघत नव्हता.

रात्री अभंग रंगला. बुवा समेवर आले की मोकळ्या तारा मागून भरून यायच्या. पहाटे मंडळी सैलावली आणि कुणीतरी जुन्या सिनेमातलं गाणं मागितलं. पुतण्याने पहिली ओळ छेडली. गाणं मेजरमधलं, तारा मायनरच्या. कॉर्ड काही केल्या बसेना. रात्री दाद घेणाऱ्या तारा पहाटे गाण्याला नडत होत्या. त्याने ढोलकीवाल्याला ठेका धरायला सांगितला आणि सगळ्यांसमोर चार खुंट्या फिरवून पुन्हा सी-सिक्स्थ लावलं.

दोन्ही वेळा चार तारा हलल्या. बारीक तारेकडून मोजलं तर दुसरी आणि सहावी मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्या दोन्ही षड्जाच्या होत्या.

तात्पर्य: "सगळ्यात चांगलं कोणतं" हे विचारण्याआधी "कशासाठी" हे विचारावं. एका ठिकाणी टाळ्या मिळवून देणारी रीत दुसऱ्या ठिकाणी आडवी येते. त्यात दोष रीतीचा नसतो, तिला चिकटून बसणाऱ्याचा असतो. आपला षड्ज पक्का धरावा आणि बाकीच्या तारा समोरच्या गाण्याला विचारून लावाव्यात.