गाऱ्हाणे कुणापुढे मांडायचे?

घरात अकाली मृत्यू झाला, नोकरी गेली, दुखणे हटेना, की ख्रिस्ती मंडळीत एक वाक्य हमखास ऐकू येते: कुरकुर करू नका, प्रभूवर भरवसा ठेवा. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण ज्याच्यावर बेतले आहे, त्याला आता रडायचीही चोरी झाल्यासारखे वाटते. हा उपदेश खोटा नाही. तो कुणाला आणि कशाबद्दल केला आहे, हे मात्र पवित्र शास्त्र उघडून पाहायला हवे.

कुरकुरीचा सर्वांत ठसठशीत प्रसंग रानातला. मिसरातून सुटलेले इस्राएल लोक भुकेने कासावीस झाले आणि मोशे व अहरोन यांच्यावर उखडले. मिसरातली मांसाची भांडी त्यांना आठवू लागली. इथे देवाने त्यांना शिक्षा केली नाही, मान्ना दिला. भूक खरी होती. पुढे गणनेच्या पुस्तकात चित्र बदलते. कनान हेरून आलेल्या दहा जणांचे भेदरलेले बोलणे ऐकून लोक रात्रभर रडले आणि दुसरा पुढारी नेमून मिसरात परत जायचे बेत करू लागले. तेव्हा चाळीस वर्षांची वणवण त्यांच्या वाट्याला आली. देवाला काही विचारावे, असे त्या रात्री त्यांना वाटले नाही. त्यांनी त्याच्याकडे पाठच फिरवली.

ईयोबाने पाठ फिरवली नाही. तो भांडला. मुले गेली, गुरेढोरे गेली, अंगभर फोड आले, तेव्हा त्याने आपल्या जन्मदिवसाला शाप दिला आणि देवाने समोर येऊन उत्तर द्यावे असा हट्ट धरला. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे त्याचे मित्र देवाची बाजू घेऊन बोलत राहिले: दुःख आले म्हणजे पाप घडलेच असणार. अखेर वादळातून देव बोलतो. तो ईयोबालाही खडसावतो, पण मित्रांवर त्याचा राग पेटतो. ते माझ्याविषयी यथार्थ बोलले नाहीत, ईयोब बोलला, असा त्याचा निवाडा आहे. त्या तिघांसाठी प्रार्थनाही ईयोबानेच करायची होती. दुःखिताला घाईघाईने उपदेश करणाऱ्या प्रत्येकाने हा ४२वा अध्याय वाचावा.

स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश विलापाची आहेत. ८८वे स्तोत्र तर अंधारातच संपते, आशेची ओळ शेवटी येत नाही. तरी ते आरंभापासून देवालाच उद्देशून आहे. वधस्तंभावर प्रभू येशूच्या ओठी आला तो २२व्या स्तोत्राचा आरंभ, आणि तो आरंभ म्हणजे देवाला केलेला प्रश्नच आहे.

दुःखातही देवाकडे पाठ न फिरवणारा भरवसा महाराष्ट्राने पंडिता रमाबाईंच्या रूपाने पाहिला. १८७४च्या सुमारास दुष्काळात त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण गेली. १८८०मध्ये भाऊ गेला, १८८२मध्ये पती बिपिन बिहारी मेधावी पटकीने दगावले. तान्ह्या मनोरमेला घेऊन उरलेल्या या विधवेने पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पण त्यांच्या विश्वासाचा खरा कस लागला तो १८९६–९७च्या दुष्काळात. लहानपणी स्वतः भूक भोगलेल्या रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध आडवे आले, तेव्हा त्यांना केडगावच्या माळावर नेले. तिथे विहिरी खोदल्या, निवारे उभे केले, आणि रोजच्या अन्नासाठी प्रार्थना केली.

१८९७मध्येच रमाबाईंनी आणखी एक गोष्ट केली. पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांची होणारी परवड त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून चव्हाट्यावर मांडली. सरकारला ते झोंबले. देवावर हवाला ठेवायचा म्हणून अन्यायापुढे तोंड शिवून घ्यायचे, असे रमाबाईंना कधी वाटले नाही. सोसायचे काय आणि बोलायचे कुठे, याचा विवेक त्यांच्यापाशी होता, आणि आजच्या मंडळीला त्याचीच सर्वांत जास्त गरज आहे.

जुलै १९२१मध्ये मनोरमाबाई वारल्या. केडगावच्या त्या ‘मुक्ती’ आश्रमाचे काम जिच्या हाती सोपवायचे, तीच लेक आधी गेली. रमाबाई स्वतः थकल्या होत्या, ऐकू कमी येत होते. तरी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी तडीस नेले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे देहावसान झाले.

ईयोबाच्या मित्रांनीही एक गोष्ट बरोबर केली होती. आल्या आल्या ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द न बोलता. आपल्या मंडळीत कुणावर घाला पडला, तर पाळकांनी आणि वडीलमंडळींनी आधी तेवढे करावे. आणि रविवारच्या उपासनेत स्तुतीच्या स्तोत्रांबरोबर विलापाची स्तोत्रेही मोठ्याने वाचावीत.